मूत्रपिंड, जंतू आणि डॉ. विद्या आचार्य



बदलापूरहून कर्जतच्या दिशेने निघाले की वांगणीच्या अलीकडे चामटोली लागते. लोहमार्ग, उल्हास नदी आणि भाताची खाचरे असा हा परिसर. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस या भागात पुराच्या पाण्यात अडकून पडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्यांत नऊ गरोदर स्त्रियाही होत्या.

गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, पण पिण्याच्या उपयोगाचे मात्र नाही. अशा प्रसंगी माणूस सहसा दोन गोष्टी करतो. जवळचे पाणी बेताने पितो आणि लघवी शक्य तितका वेळ रोखून धरतो. संकटाच्या एखाद्या रात्री यावाचून इलाजही नसतो. परंतु ज्या गोष्टी पुरात अडकलेला माणूस एक रात्र करतो, त्याच गोष्टी आपल्या कितीतरी विद्यार्थिनी दररोज शाळेत करतात. शाळेतील स्वच्छतागृहात जावेसे वाटत नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, आणि घरी जाईपर्यंत लघवी अडवून ठेवायची. याने शरीराचे काही बिघडते काय? बिघडत असेल तर नेमके कसे?

या प्रश्नाचा माग काढू लागलो की आपण मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि तेथील एका डॉक्टरांच्या कार्यापर्यंत येऊन पोहोचतो. त्यांचे नाव डॉ. विद्या आचार्य. भारतातील पहिल्या महिला मूत्रपिंडतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचे निधन झाले आहे. त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग. विषय दिसायला साधा आहे, त्याबद्दल चारचौघांत बोलायला लोक संकोचतात, आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. या लेखात हा विषय आपण थोडा भौतिकशास्त्राच्या आणि थोडा गणिताच्या अंगाने समजून घेऊ.

गाळणी कशी चालते?

प्रथम मूत्रपिंडाची ओळख करून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढीही नाहीत. पण हृदय दर मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर फेकते, त्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हीच गाळणी. चहा गाळताना पाणी गुरुत्वाकर्षणामुळे खाली पडते. येथे ते काम रक्ताचा दाब करतो. या गुच्छातील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५५ मिलिमीटर उंचीएवढा असतो. तो पाण्याला बाहेर ढकलतो. पण रक्तातील प्रथिने गाळणीतून जाऊ शकत नाहीत आणि परासरणामुळे ती पाण्याला मागे ओढून धरतात. ही ओढ सुमारे ३० मिलिमीटर. शिवाय गाळून पलीकडे गेलेला द्रवही सुमारे १५ मिलिमीटर दाबाने उलट रेटतो. आता वजाबाकी करा : ५५ उणे ३० उणे १५, म्हणजे शिल्लक उरले अवघे १० मिलिमीटर. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने हा दाब पाण्याच्या सुमारे १४ सेंटिमीटर उंच स्तंभाएवढा झाला. तुमच्या पाण्याच्या बाटलीत याहून अधिक उंच पाणी मावते!

एवढ्याशा दाबावर मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळतात. आपल्या शरीरात रक्तद्रव असतो केवळ तीन लिटरच्या आसपास. याचा अर्थ सगळा रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. या १८० लिटरपैकी सुमारे १७८ लिटर पाणी नेफ्रॉनच्या पुढील नलिका परत रक्तात शोषून घेतात आणि उरलेले दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडते.

या हिशेबातून एक गोष्ट ध्यानात येईल. शिल्लक दाब इतका थोडा असल्यामुळे शरीरातील पाणी फार घटले, पुष्कळ रक्तस्राव झाला किंवा जंतूंचे विष रक्तात पसरून रक्तदाब एकदम कोसळला, तर गाळण्याचे कामच ठप्प होऊ शकते.

विषय निवडण्यातील शहाणपण

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय ही मुंबई महापालिकेची संस्था. १९२६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. येथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परकी राजवटीत ही अट घालणे ही सामान्य गोष्ट नव्हती. याच संस्थेत डॉ. विद्या आचार्य यांनी मूत्रपिंडविकार विभागाच्या प्राध्यापक आणि प्रमुख म्हणून काम केले.

तो काळ कसा होता हे लक्षात घ्या. मूत्रपिंडाच्या आजाराचे वर्णन इंग्लंडमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्येच केले होते, पण मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला वाचविण्याचे साधन त्यानंतर शंभर वर्षे कोणाजवळ नव्हते. हॉलंडमध्ये, जर्मन सैन्याचा ताबा असताना, विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनची नळी वापरून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. १९५४ मध्ये अमेरिकेत जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले. मूत्रपिंडविकारांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६० मध्ये स्थापन झाली आणि भारतीय संस्था १९७० मध्ये. म्हणजे वैद्यकाची ही स्वतंत्र शाखाच त्या वेळी नवी होती.

अशा नव्या शाखेत येणाऱ्या संशोधकाला यंत्रांचे आणि शस्त्रक्रियांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. ती कामे आवश्यकही होती आणि के. ई. एम. मध्ये ती झालीही. पण सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज जी रांग लागते, तिच्यातील माणसांचे दुखणे कोणते? लघवी करताना जळजळ, वारंवार लागणे, थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा फार मोठ्या संख्येने, आणि स्त्रियांमध्ये विशेषेकरून, आढळणारा आजार आहे. डॉ. आचार्य यांनी वर्षानुवर्षे या आजाराचा पाठपुरावा केला. १९८० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह या विषयाच्या तत्कालीन स्थितीचा आढावा घेणारा लेख लिहिला. तो त्यांच्याच संस्थेच्या अध्यापकवर्गातर्फे १९५५ पासून चालविल्या जाणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या नियतकालिकात आला. १९९२ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आणखी एक लेख लिहिला. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा सर्व शरीरभर पसरणाऱ्या जंतुदोषाचा धोकादायक, पण न ओळखला जाणारा अग्रदूत आहे, हा इशारा त्या लेखाच्या शीर्षकातच दिलेला होता.

न ओळखला जाणारा! हा शब्द महत्त्वाचा आहे. जंतू ओळखायचे कसे, हेच आता पाहू.

जंतू मोजायचे कसे?

मूत्र हे जंतूंचे चांगले खाद्य आहे. मूत्राशयात ते साधारणतः जवळजवळ निर्जंतुक असते. पण बाहेर येताना त्वचेवरचे काही जंतू त्यात मिसळतातच. मग प्रयोगशाळेत आलेल्या बाटलीत जंतू सापडले, तर ते रोगाचे की वाटेत मिसळलेले? नुसते ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ एवढे सांगून भागत नाही. येथे मोजणी हवी.

बोस्टन येथील डॉ. एडवर्ड कास यांनी १९५० नंतरच्या दशकात हा पेच सोडविला. त्यांनी दाखविले, की दर मिलिलिटरला एक लाख किंवा अधिक जंतू असतील, तर ते बहुधा खऱ्या संसर्गाचेच असतात. वाटेत मिसळलेल्या जंतूंची संख्या सहसा पुष्कळच कमी असते. आज या मर्यादेला काही अपवाद मानले जातात, पण मोजणीचे तत्त्व कायम आहे.

सूक्ष्म जंतू एकेक करून कोण मोजणार? युक्ती सोपी आहे. तारेच्या ठराविक मापाच्या कडीने मिलिलिटरचा हजारावा भाग एवढे मूत्र उचलायचे आणि पोषक द्रव्य असलेल्या काचेच्या बशीवर पसरायचे. ही बशी ३७ अंश सेल्सिअस तापमानाला रात्रभर ठेवायची. जेथे जेथे एक जंतू पडला असेल, तेथे तेथे त्याची प्रजा वाढून सकाळी डोळ्यांना दिसेल असा एक ठिपका तयार होतो. शंभर ठिपके दिसले, तर एका मिलिलिटरमध्ये शंभर गुणिले हजार, म्हणजे एक लाख जंतू होते असे समजायचे.

नमुना देताना पहिली धार सोडून मधल्या धारेचे मूत्र घ्या असे का सांगतात, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पहिली धार वाटेतले जंतू धुऊन नेते. बाटली लगेच प्रयोगशाळेत द्या, उशीर होणार असेल तर शीतपेटीत ठेवा, असे का सांगतात? समजा, मिलिलिटरला ५,००० च जंतू आहेत आणि उन्हाळ्याच्या दुपारी ते तासाला दुप्पट होत आहेत. पाच तासांत ते ३२ पट, म्हणजे १,६०,००० होतील आणि निरोगी माणूस कागदावर रोगी ठरेल! मोजमापाची शिस्त ही केवळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरती नसते.

उरलेले विरजण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लघवी रोखल्याने काय होते?

घरात रात्री दुधाला विरजण लावतात ते आठवा. चमचाभर दही टाकले की सकाळी पातेलेभर दही होते. पातेले रिकामे केले आणि तळाशी थोडे दही राहिले, तर त्यात पुन्हा दूध ओतल्यावर त्याचेही दही होते. मूत्राशयही पातेल्यासारखेच आहे. लघवी केल्यावर ते जवळजवळ रिकामे होते, पण अगदी कोरडे होत नाही. काही थेंब उरतातच. त्यात रोगजंतू असतील तर ते विरजणाचे काम करतात. या आजारात सर्वांत जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे एश्चेरिशिया कोलाय. तो आपल्या मोठ्या आतड्यात राहतो. तेथे तो बहुधा निरुपद्रवी असतो. वाट चुकून मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांब असतो, तर पुरुषांचा सुमारे वीस. जंतूंना चालायची वाट एवढी कमी असल्यामुळेच मुली आणि स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. यात त्यांच्याकडून काही चूक किंवा अस्वच्छता घडलीच असेल, असे मुळीच नाही.

आता दोन काल्पनिक मैत्रिणी घेऊ, सुमन आणि शैला. दोघींच्याही मूत्राशयात एक हजार जंतू शिरले आहेत. हे जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरू. लघवी केल्यावर दोघींच्याही मूत्राशयात तीन मिलिलिटर मूत्र उरते असे समजू.

सुमन भरपूर पाणी पिते. तिच्या शरीरात ताशी १०० मिलिलिटर मूत्र बनते आणि ती दर तीन तासांनी लघवीला जाते. तीन तासांत जंतू सहा वेळा दुप्पट होतात, म्हणजे ६४ पट. हजाराचे झाले ६४,०००. पण ३०० मिलिलिटरपैकी तीनच मिलिलिटर मागे राहिल्यामुळे त्यांतील शंभरावा भागच उरतो : ६४०. पुढच्या खेपेस ४१०, मग २६२. प्रत्येक खेपेला जंतू घटत चालले.

शैला पाणी टाळते. तिचे मूत्र ताशी ४० मिलिलिटर बनते आणि ती सहा तासांनी लघवीला जाते. सहा तासांत जंतू बारा वेळा दुप्पट होतात, म्हणजे ४,०९६ पट. हजाराचे झाले सुमारे ४१ लाख. २४० मिलिलिटरपैकी तीन मिलिलिटर मागे राहिले, म्हणजे ऐंशीवा भाग : सुमारे ५१,०००. आणखी सहा तासांनी हे एकावन्न हजार जंतू एकवीस कोटींच्या घरात जातात. त्यांना २४० मिलिलिटरने भागा. दर मिलिलिटरला साडेआठ लाखांहून अधिक! बाराच तासांत शैलाने डॉ. कास यांची एक लाखाची रेषा ओलांडली. जंतू तेच, सुरुवात तीच. फरक फक्त घड्याळाचा आणि पाण्याच्या पेल्याचा.

वाढ घातांकाने होते आणि धुऊन जाण्याचे प्रमाण मात्र ठराविक असते, हे या उदाहरणाचे मर्म आहे. वेळ दुप्पट केली, तर वाढ दुप्पट होत नाही. ६४ चा वर्ग होतो.

अर्थात, हे केवळ गणिती चित्र आहे. खऱ्या मूत्राशयाचे अस्तर जंतूंना चिकटू देत नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना मारतात, आणि काही जंतू अस्तराला चिकटून धुण्याला दादही देत नाहीत. म्हणून गणिताचा पडताळा माणसांवरील अभ्यासाने घ्यावा लागतो. तसा तो घेतलाही गेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना वारंवार हा त्रास होत असे आणि ज्या पाणी कमी पीत, अशा १४० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात या गटात हा आजार सरासरी १.७ वेळा झाला, तर दुसऱ्या गटात ३.२ वेळा. सर्वांत स्वस्त औषध नळाला येते, ते असे!

करून पाहा

एका पेल्यात दहा मोठे चमचे पाणी घ्या आणि त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक कण विरघळवा. गडद रंग येईल. आता एक चमचा पाणी ठेवून बाकीचे ओतून द्या. पुन्हा नऊ चमचे स्वच्छ पाणी घाला. प्रत्येक वेळी रंगाची तीव्रता दहावा हिस्सा होते. किती वेळांनी रंग दिसेनासा होतो ते वहीत नोंदवा. मग एक चमच्याऐवजी पाच चमचे पाणी मागे ठेवून हाच प्रयोग करा. ज्यांचे मूत्राशय खडा, अडथळा किंवा अन्य कारणाने नीट रिकामे होत नाही, त्यांना जंतुसंसर्ग पुनःपुन्हा का होतो, हे तुम्हाला चटकन कळेल. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. परमँगनेट हाताला आणि कपड्यांना लागू देऊ नका.

वरची वाट

मूत्राशयातला त्रास तेथेच थांबला, तर तो त्रासदायक असला तरी सहसा औषधाने बरा होतो. निरोगी माणसाची मूत्रपिंडे एवढ्यावरून निकामी होत नाहीत. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो जंतू वर चढल्यास.

मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरप्या शिरतात. मूत्राशय भरले आणि आतला दाब वाढला, की भिंतीतला हा तिरपा भाग दाबला जाऊन बंद होतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जसा हवा आत जाऊ देतो पण बाहेर येऊ देत नाही, तशीच ही एकमार्गी व्यवस्था आहे. काही लहान मुलांत ही झडप जन्मतः सदोष असते आणि मूत्र उलटे वर जाते. त्याबरोबर जंतूही मूत्रपिंडात पोहोचतात आणि तेथे व्रण राहू शकतात. मुतखडा, मधुमेह, मार्गातील अडथळा यांमुळेही हा धोका वाढतो. मूत्रपिंडातून जंतू रक्तात शिरले, तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि आपण वर पाहिलेला तो १४ सेंटिमीटर पाण्याएवढा दाबही उरत नाही. डॉ. आचार्य यांनी १९९२ मध्ये ज्याला अग्रदूत म्हटले, त्याच्या मागून येणारे संकट ते हेच.

गरोदर स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यापैकी काहींच्या मूत्रात एक लाखाहून अधिक जंतू असतात आणि तरीही त्यांना काहीच त्रास होत नसतो. एरवी निरोगी माणसात अशा लक्षणाविना सापडलेल्या जंतूंना सहसा औषध द्यावे लागत नाही. पण गरोदरपणात दिले नाही, तर त्यांतील बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग होतो. म्हणून गरोदरपणात मूत्रतपासणी चुकवू नये. अडकलेल्या गाडीतून ज्यांना आधी जपून उतरवायचे, त्यांचीच तपासणीही आधी करायची.

मुके इंद्रिय

मूत्रपिंडाच्या आजारात खरी अडचण ही, की बिघाड पुष्कळ पुढे जाईपर्यंत माणसाला काही कळतच नाही. असे का व्हावे?

स्नायूंच्या कामातून क्रिएटिनीन नावाचे द्रव्य रोज साधारण सारख्याच प्रमाणात तयार होते आणि ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. एका टाकीत नळातून सारखे पाणी पडत आहे आणि तळाच्या भोकातून ते बाहेर जात आहे, अशी कल्पना करा. भोक अर्धे बुजले, तर पाण्याची पातळी वाढते; पातळी वाढली की दाब वाढतो, आणि पुन्हा जितके येते तितकेच बाहेर जाऊ लागते. क्रिएटिनीनचेही असेच होते. गाळण्याचा वेग निम्मा झाला, की रक्तातील त्याचे प्रमाण दुप्पट होऊन थांबते.

वेग मिनिटाला १२० मिलिलिटर असताना हे प्रमाण ०.८ मिलिग्रॅम आहे असे धरू. वेग ६० झाला की प्रमाण १.६; ३० झाला की ३.२, १५ झाला की ६.४. आलेख काढून पाहा. ६० मिलिलिटरची पहिली घसरण प्रमाण केवळ ०.८ ने वाढविते, तर ३० वरून १५ ही छोटीशी घसरण ते ३.२ ने वाढविते! अर्धी शक्ती गेली तरी माणूस शेतात राबतो, गाडीला लोंबकळून कामावर जातो. त्याला त्रास जाणवू लागतो, तेव्हा बरेचसे हातचे गेलेले असते.

त्यानंतर काय उरते? रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, किंवा मूत्रपिंडरोपण. डायलिसिस सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास करावे लागते. यंत्रातील अर्धपार्य पटलाच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव वाहतो; विसरणाने रक्तातील घाण द्रवात उतरते. एका बैठकीला १२० लिटर द्रव लागतो. वर्षाचा हिशेब साडेअठरा हजार लिटरहून अधिक होतो. इतके करूनही यंत्र आठवड्यातील १६८ तासांपैकी बाराच तास काम करते. आपली मूत्रपिंडे मात्र एक क्षणही थांबत नाहीत. २०१६ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरीब रुग्णांना मदत मिळू लागली आहे. तरीही घरातला एक माणूस आठवड्यातून तीन दिवस यंत्राला बांधला जाणे म्हणजे काय, हे त्या घरालाच ठाऊक.

रोपणाचा इतिहासही डॉ. आचार्य यांनी लिहून ठेवला आहे. भारतातील पहिले मूत्रपिंडरोपण १९६५ मध्ये के. ई. एम. मध्येच झाले. मृत व्यक्तीचे मूत्रपिंड वापरून केलेला तो प्रयत्न टिकला नाही. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. भारतातील रोपणाच्या स्थितीवरचा डॉ. आचार्य यांचा लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मानवी अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी करणारा कायदा संसदेने केला. म्हणजे रोगाची सुरुवात आणि रोगाची अखेर, दोन्ही टोकांवर त्यांची नजर होती.

वारसा

संशोधकाचा प्रभाव कशाने मोजावा? शोधाला नाव मिळाले म्हणजे तो मोठा, असे आपण सहसा समजतो. डॉ. विद्या आचार्य यांच्या नावाचा एखादा नियम किंवा यंत्र नाही. अध्यापनाच्या रुग्णालयात विभागप्रमुख असणाऱ्या डॉक्टरांचा वारसा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. तेथे शिकून गेलेल्या तरुण डॉक्टरांच्या पिढ्यांत तो असतो. साध्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘होईल बरे’ असे म्हणून परत न पाठवता तिच्या मूत्राची तपासणी करण्याच्या सवयीत तो असतो. जंतू कोणता आणि त्याला कोणते प्रतिजैविक लागू पडते, हे पाहून औषध देण्याच्या शिस्तीत असतो. ही शिस्त आज तर अधिकच गरजेची झाली आहे. कारण अर्धवट सोडलेली किंवा मनानेच दुकानातून घेतलेली प्रतिजैविके खाऊन कित्येक जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. एका स्त्रीने नव्या शाखेत पहिले पाऊल टाकले आणि मागून येणाऱ्या विद्यार्थिनींना ती वाट आपलीही आहे असे वाटू लागले, हाही त्या वारशाचाच भाग.

आता शेवटची गोष्ट, आणि ती विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांसाठी आहे. सकाळी सातला घरून निघालेली मुलगी दुपारी एकला परत येते. सहा तास! आपल्या हिशेबात बारा वेळा दुप्पट, ४,०९६ पट. तिने शाळेत दोन पेले पाणी प्यावे आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन यावे, एवढ्याने हा आकडा ६४ वर येतो. त्यासाठी काय हवे? बादलीत पाणी, दाराला कडी आणि तास चालू असताना एखादीने हात वर केला तर ‘आत्ताच कशी लागली?’ असे न विचारणारे गुरुजी किंवा बाई. मुलींनीही लाजू नये. जळजळ, ताप, लघवीतून रक्त किंवा पाठीत दुखणे असे काही झाले, तर आईला किंवा बाईंना त्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या वर्गात एक पाहणी करा. शाळेत असताना प्रत्येक जण किती पेले पाणी पितो, ते नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहून घ्या. मुलांची आणि मुलींची सरासरी वेगवेगळी काढा. दोन्हींत फरक पडला, तर तो कशामुळे पडला, याचे उत्तर पुस्तकात शोधू नका. शाळेच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जा आणि दार उघडून पाहा.